हिरवा नव्हे, फिरोजी

भवानी पेठ, सोलापूर
२१ जानेवारी १९७४

यांस,
दाक्षायणीचा शरणु.

तुमचं हवाईपत्र भोगीच्या दिवशी मिळालं. उत्तराला मुद्दाम आठवडा लावला. रागात लिहायला बसले की माझी वाक्यं फार चांगली होतात आणि मग ती खोडवत नाहीत.

तुम्ही लिहिता, भट्टी बंद कर, जागा शंकरप्पा भाऊजींच्या यंत्रमागांना दे आणि इस्फहानला निघून ये. भट्टी मी बंद करणार नाही. हे मी तुम्हांला स्टेशनवरच सांगितलं होतं. माझे बाबा जाऊन महिना झाला नव्हता आणि तुम्ही बॅग उचलली होती. मी तेव्हा रडत होते म्हणून तुम्हांला ते खरं वाटलं नसेल. आता रडत नाही. तेच पुन्हा सांगते आहे.

मिलनं पाळ्या कमी केल्या, घरी बसायची वेळ आली, आणि सासऱ्याच्या बरण्यांवर जगायचं तुमच्या मनाला पटलं नाही. ते मी समजू शकते. पण तुम्हांला इराणच्या गिरणीत विणकाम खात्याचा मास्तर व्हावंसं वाटलं, तसं मला इथे बाबांच्या भट्टीवर राहावंसं वाटतं. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

प्लॅस्टिकच्या डब्यांपुढे चिनी मातीच्या बरण्या टिकणार नाहीत, हे मात्र तुमचं खरं आहे. खप उतरला आहे. म्हणूनच पुढची गोष्ट नीट वाचा.

संक्रांतीच्या आधी हुसेनसाब आले होते. अक्कलकोट रस्त्याला जो निळा घुमट आहे, त्या दर्ग्याचे मुजावर. रुमालात बांधून एक फुटकी टाइल आणली होती. आठ टोकांची चांदणी, त्यातली तीन टोकं गेलेली. रंग फिरोजी. माझ्या हातात ठेवून म्हणाले, "बाई, ऐसा बनता क्या तुमारे भट्टी में?"

मी विचारलं, "कितीशा पडल्यात?"

"गिनती नक्को. आधी दीवार खाली हो गई. औरंगज़ेब से बी पयले का काम हाय, बिदर के सुलतानां का. अब कमिटीवाले बोलते, पूरा खरोंच के निकालो, बंबई से कारखाने के टाइलां लाके लगाओ. एक सरीखा दिखता कते."

म्हणजे ज्या जुन्या टाइला अजून भिंतीवर शाबूत आहेत, त्यासुद्धा छिन्नीनं काढून टाकायच्या, आणि तिथे न्हाणीघरात लावतात तशा गुळगुळीत टाइला बसवायच्या. हुसेनसाबांनी कमिटीशी भांडून ऑगस्टमधल्या उरुसापर्यंत मुदत मिळवली आहे. तोवर कुणी जुन्यांना शोभतील अशा टाइला करून दिल्या तर फक्त रिकाम्या जागा भरायच्या. नाहीतर छिन्नी.

मी हो म्हटलं. आपल्याला येतं की नाही हे हो म्हटल्यावर पाहिलं.

टाइलची तुटलेली कड भिंगाखाली धरली. ती मातीची नाहीच. आतून साखरेसारखी पांढरी आणि रवाळ आहे. मला वाटतं गारगोटी दळून केली असावी. अंग मी करीन. गडद निळा रंगही करीन, आमच्या बरण्यांच्या काठाला तो आहेच. अडतं ते फिरोजीपाशी.

तुम्ही राहता त्या गावात असल्या टाइलांनी मढवलेल्या मशिदी आहेत, असं हुसेनसाब सांगतात. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघा. तिथे अजून कुणी हे काम करत असेल तर त्याला विचारा, हा रंग कशानं येतो. दीड वर्षात तुमच्याकडे मी काही मागितलेलं नाही. हे मागते.

आत्या बऱ्या आहेत. तुमच्याकडे थंडी फार पडते असं पेपरात वाचलं. कान झाकत जा.

दाक्षायणी


भवानी पेठ, सोलापूर
१९ मार्च १९७४

यांस,
शरणु.

तुमच्या चार ओळी पोचल्या. "मी इथे नोकरीला आलो आहे, दर्ग्याची कामं करायला नाही. डिसेंबरअखेर करार संपतो. तोवर तू आली नाहीस तर मी पुढच्या तीन वर्षांची सही करीन. मग तू तुझी, मी माझा."

बरं. डिसेंबर लांब आहे. मला आधी ऑगस्ट गाठायचा आहे.

मी बिदरला जाऊन आले. एसटीनं गेले, एसटीनं आले. तिथल्या जुन्या मदरशाचा एक मनोरा अजून उभा आहे आणि त्याच्या अंगावर टाइला टिकून आहेत. ऊन वर येईल तसा त्यांचा रंग बदलतो. सकाळी पाण्यासारखा असतो, दुपारी तापलेल्या आभाळासारखा. मी इतका वेळ भिंतीला नाक लावून उभी होते की पहारेकऱ्यानं येऊन विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, हो, रंग. तो गेला आणि एक पत्र्याची खुर्ची घेऊन आला. बिदरचे लोक चांगले आहेत.

पहिली भट्टी लावली. गारगोटी दळली, त्यात औषधाच्या बाटल्यांची काच कुटून घातली, थोडी पांढरी माती, आणि धरून ठेवायला डिंक. अंग उत्तम झालं. आठ टोकांच्या चांदण्यांना मध्ये जोडणाऱ्या फुल्या असतात, त्या गडद निळ्या केल्या, त्याही उत्तम झाल्या. चांदण्या फिरोजी व्हायच्या होत्या. त्यांच्या झिलईत तांब्याची पूड घातली होती.

बाबांच्या वेळचा येडू अजून भट्टी सांभाळतो. त्यानं पहिली चांदणी बाहेर काढली, उलटसुलट केली. म्हणाला, "ताई, ह्ये हिरवंच निगालं की."

"दिसतंय मला."

"पेरूच्या पानावानी हाय."

"दिसतंय म्हटलं ना, येडूमामा."

"मंग आता?"

"आता परत."

परत लावली. परत हिरवं. बरण्यांच्या झिलईत शिसं असतं. शिशाबरोबर तांबं हिरवंच होतं, एवढं आता मला कळलं आहे. शिसं काढलं तर झिलई कशानं वितळवायची, ते कळलेलं नाही. कळेल.

आता एक गोष्ट शंकरप्पा भाऊजींकडून तुमच्या कानावर यायच्या आत सांगते. तुमच्या आई माझ्याकडे राहायला आल्या आहेत. मागच्या पत्रात "आत्या बऱ्या आहेत" लिहिलं, तेव्हाही त्या इथेच होत्या. तुम्हांला सांगू नकोस म्हणाल्या म्हणून मी लिहिलं नाही.

झालं असं की भाऊजींनी त्यांना बजावलं, दाक्षी दर्ग्याचं काम घेते आहे, पेठेत लोक बोलतात, तू तिच्या भट्टीवर जायचं नाहीस. आत्यांनी जेवण पुरं केलं, हात धुतला, ट्रंक भरली आणि टांगा करून माझ्या दारात उतरल्या. मागोमाग भाऊजी आले. भट्टीपाशीच दोघांचं कन्नडमधून सुरू झालं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनाही कळावं म्हणून भाऊजी मराठीत आले.

"आई, आपण कोण, आपलं घराणं काय, आणि ही काय करते आहे?"

आत्या ट्रंकेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "शंकरा, माझी आई दर उरुसाला त्या घुमटात दिवा लावायची. मी तिच्या कडेवर असायची. तू कुठल्या घराण्याचं बोलतोस?"

"ते जुनं झालं."

"मी पण जुनीच हाय. मला पण छिन्नीनं काढून टाक."

भाऊजी गेले. अजून आले नाहीत. आत्यांनी उन्हाळी पापडांची तयारी सुरू केली आहे आणि माझ्या टाइलांच्या फळ्या पापड वाळवायला घेतल्या आहेत.

अक्षर वाकडंतिकडं आलं आहे. टाक नवा आहे.

दाक्षायणी


भवानी पेठ, सोलापूर
३० मे १९७४

यांस,
शरणु.

टाक नवा नव्हता. आता तुम्हांला माहीतच आहे. आत्यांनी माझ्यामागं पलीकडच्या महिपती मास्तरांकडून तुम्हांला पत्र लिहून घेतलं, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. हो, हात भाजला होता, उजवा. भट्टी निवायच्या आत दार उघडलं. घाई झाली. आता बोटं सगळी वळतात. अंगठ्याखाली एक गुळगुळीत डाग राहिला आहे, तो राहील.

तुम्ही सहा पानं लिहिलीत. लग्नाला नऊ वर्षं झाली, तुम्ही एवढं सलग माझ्याशी बोललेले मला आठवत नाही. मी ते पत्र आधी एकटीनं वाचलं आणि मग त्यातला अर्धा भाग आत्यांना वाचून दाखवला.

त्यात तुम्ही लिहिलंत, "इथे टाइलला काशी म्हणतात. मी दर शुक्रवारी काशी करणाऱ्या उस्तादाकडे जातो." आत्यांनी मला तिथेच थांबवलं. "काशीला गेला? मला न विचारता?" मी समजावलं की काशान नावाचं एक गाव आहे, तिथल्या टाइला जुन्या काळापासून नावाजलेल्या, त्यावरून नाव पडलं. त्या म्हणाल्या, "असूदे. दर शुक्रवारी जातो म्हणजे पुण्य थोडं तरी लागंल."

पहिल्या शुक्रवारी उस्तादानं तुम्हांला हाकलून दिलं. पुढच्या शुक्रवारी नुसता चहा पाजला. त्यानंतर कधीतरी विचारलं, तुझा काय संबंध? तुम्ही गिरणीतल्या दुभाष्याकरवी सांगितलंत, माझी बायको करते. मग तो बोलला. हे तुम्ही ज्या ओळीत लिहिलं आहे ती ओळ मी आत्यांना वाचून दाखवली नाही. माझ्याकडेच ठेवली.

आणि ते अंगण. मशिदीच्या अंगणात चारी बाजूंनी निळ्या भिंती आणि मधे हौद. तुम्ही काठावर बसून मोठ्यानं कन्नडमध्ये बोललात, कारण कुणाला कळणार नव्हतं. काय बोललात ते लिहिलं नाहीत. मी विचारत नाही.

आता कामाचं. उस्ताद म्हणाला, जुने लोक शिसं वापरत नसत. वाळवंटात खारट झुडपं उगवतात, ती जाळून त्यांची राख घेत आणि तिनं झिलई वितळवत. त्याच राखेत तांबं फिरोजी होतं. तुम्ही राख चिमटीत घेऊन बघितलीत. साबणासारखी बुळबुळीत, आणि जिभेला लावली तर चावते, असं लिहिलंत. जिभेला लावायला तुम्हांला कुणी सांगितलं होतं? पण बरं झालं लावलीत.

मी ते वाचलं तेव्हा आत्या समोर पापडाचं पीठ तिंबत होत्या. शेजारी वाटीत पापडखार. मी उठून बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. बुळबुळीत, चावरा. पापडखारही कुठल्यातरी खारट मुलखातूनच येतो की. आत्या म्हणाल्या, "हात धू आधी." मी वाटी उचलून घेऊन गेले. त्या दिवशीचे पापड राहिले.

तेव्हा रेल्वेचा संप सुरू झाला होता. कोळशाचे वॅगन कुठे अडकले होते कुणास ठाऊक. येडूमामा म्हणाले, "थांबायचं व्हय ताई?" मी म्हटलं, थांबायचं नाही, बाभळीची लाकडं आणा. कुंभारी गावच्या एका शेतकऱ्याकडून बैलगाडीभर लाकूड आणलं. लाकडाची आच कोळशापेक्षा स्वच्छ असते, धूर गंधकाचा नसतो. तोही फायदाच झाला असावा.

ह्या वेळी मी घाई केली नाही. भट्टी पूर्ण निवू दिली. दुपारची वेळ, अंगणात पाय ठेववत नव्हता. येडूमामांनी चिमट्यानं पहिली चांदणी काढली आणि माझ्यापुढे धरली.

हिरवी नव्हती.

मी ती उन्हात नेली. काठाला जरा दाट, मधे पातळ, आणि आत खोल कुठेतरी उजेड. बारीक रेषांचं जाळं पडलं आहे, ते हुसेनसाबांच्या टाइललाही आहे. मी दोन्ही शेजारी ठेवल्या. हुबेहूब नाहीत. माझी जरा जास्त तेजाळ आहे. पण एका घरातल्या दोघी आहेत हे कुणालाही ओळखू यावं.

आत्या पदरानं तोंड पुसत आल्या. वाकून बघितलं. बोट फिरवलं. म्हणाल्या, "छलो आगेद." त्यांनी माझ्या कुठल्याच गोष्टीला आजवर चांगलं झालंय म्हटलेलं नव्हतं, हे तुम्हांला ठाऊक आहे.

सोबतच्या पार्सलात एक चांदणी आहे. मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवून तिथून पोस्टात टाकायला सांगितली आहे. उस्तादाला दाखवा. माझं कौतुक करायला सांगू नका. काय चुकलं ते विचारा.

दाक्षायणी


भवानी पेठ, सोलापूर
४ सप्टेंबर १९७४

यांस,
शरणु.

उरूस झाला. लिहायला उशीर झाला, कारण मी झोपत होते. खरंच, इतकी झोपले की आत्यांनी डॉक्टरला बोलवायचं काढलं.

उरुसाच्या आधी कमिटी भिंतीसमोर जमली. एका बाजूला मुंबईहून आणलेल्या टाइलांचं खोकं उघडलेलं. दुसऱ्या बाजूला माझ्या चांदण्या आणि फुल्या, गवतात बांधून बैलगाडीतून आणलेल्या. आत्या माझ्यामागे पायरीवर बसल्या होत्या. हुसेनसाब काठी टेकून भिंतीशी उभे होते, अंगानंच भिंत अडवल्यासारखे.

कमिटीचा सेक्रेटरी तरुण आहे, वकिली शिकलेला. वाईट माणूस नाही. त्याला दर्गा स्वच्छ आणि नवा दिसायला हवा आहे. त्यानं माझी चांदणी घेतली, एका रिकाम्या जागेत खोवली, चार पावलं मागे सरकला.

"बाई, फरक दिसतोय," तो म्हणाला.

"दिसणारच. तुमची पाचशे वर्षांची आहे, माझी जुलैतली."

"लोक म्हणतील ठिगळ लावलंय."

"म्हणू देत. पडलेल्या जागी भरलंय हे दिसायलाच हवं. जुनं कुठलं आणि माझं कुठलं, हे उद्या कुणी विचारलं तर त्याला सांगता यायला नको का? पण तुम्ही आता तुमची मुंबईची टाइल धरा."

त्यानं धरली. ती कपड्यांच्या निळीसारखी, सपाट, कुठूनही पाहा तशीच. घुमटाच्या दारातून ऊन भिंतीवर येत होतं. जुन्या टाइला पेटल्यासारख्या झाल्या, माझी त्यांच्याबरोबर पेटली, आणि त्याच्या हातातली तशीच राहिली. त्यानं ती स्वतःच खाली ठेवली. वाद घालायची वेळच आली नाही. मी तर चांगलं तयार होऊन गेले होते.

हुसेनसाब म्हणाले, "खोका वापस भेजो." आणि मग माझ्याकडे न बघता, "बाई, चुना मैं मिलाऊंगा."

पंधरवडाभर मी, येडूमामा आणि दोन गवंडी टाइला बसवत होतो. जुनी एकही काढली नाही. एका ठिकाणी माझ्या दोन चांदण्या जरा तिरक्या बसल्या आहेत. त्या मला रोज दिसतील. उरुसाला आत्यांनी दिवा लावला. शंकरप्पा भाऊजी आले नाहीत. वहिनी आल्या होत्या, मागे उभ्या राहून पाहून गेल्या. भाऊजींचं आणि माझं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. जागा मात्र ते आता मागत नाहीत.

तुमचं पत्र उरुसाच्या गडबडीत आलं. उस्तादानं माझी चांदणी नखानं वाजवून पाहिली, उलटी केली आणि म्हणाला, झिलई जाड आहे, हात अजून घाबरतो, पण रंग खरा आहे. आणि मग म्हणाला, तिला घेऊन ये, दाखवतो. तुम्ही पुढे लिहिलंत, "मी तिकीट पाठवतो. ये. आता तुला इथे करण्यासारखं काम आहे. कायमची ये."

हात घाबरतो हे त्यानं टाइलवरून ओळखलं, ह्याचं मला अजून नवल वाटतं आहे.

मी येते. दिवाळी झाली की निघेन. येडूमामा आणि आत्या मिळून भट्टी सांभाळतील. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे कुणी ढिलाई करणार नाही. मला उस्तादाकडे बसायचं आहे, एकेका रंगाची टाइल कापून तुकड्यांची नक्षी जोडायची त्यांची रीत हातानं करून पाहायची आहे. काशानच्या जुन्या चांदण्या बघायच्या आहेत. तुम्ही बसता ते अंगण बघायचं आहे. हौदाच्या काठावर तुम्ही काय बोललात, ते तिथे बसून मला सांगा. मला कन्नड कळतं.

पण कायमची येत नाही. बिदरहून निरोप आला आहे, तिथल्या एका जुन्या मकबऱ्याच्या टाइलांसाठी. बरण्याही चालू राहतील, लोणचं घालणारे अजून आहेत. मी संक्रांतीला इथे हवी.

तुमच्या जुन्या मिलमध्ये तिन्ही पाळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. विणकाम खात्यातले लोक रस्त्यात भेटले की तुमची चौकशी करतात. हे मी तुम्हांला ओढायला लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त मी तिथे पोचून आपण समोरासमोर बसेपर्यंत करू नका.

आत्यांनी सांगितलं आहे की तुम्हांला पापड पाठवायचे नाहीत, इथे येऊन खायचे. मी चोरून थोडे आणते.

तिकिटांचं एवढं लक्षात ठेवा. जाण्याचं एकच काढा. परतीची दोन काढा.

दाक्षायणी